रहाटे बाईंची विशेषणं

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवताना टीव्ही लावलेला असतो. जगात कुठे ना कुठे युद्ध चालूच असतं आणि निवेदक ते अशा आवाजात सांगतो की शत्रू मेसच्या मागच्या दाराशी येऊन उभा आहे असं वाटावं. महाभयंकर हल्ला, थरकाप उडवणारी दृश्यं, आतापर्यंतचा सर्वांत मोठा दणका. बाकीच्या मुली पोळी मोडत मोडत बघतात. मला मात्र दर वेळी एक किनरा आवाज ऐकू येतो, "विशेषण काढ गो. मग काय उरतं ते सांग."

हा आवाज रहाटे बाईंचा. खाडीकाठच्या आमच्या शाळेत त्या आठवी ते दहावीला मराठी शिकवायच्या. उंचीनं आमच्यातल्या बऱ्याच मुलींपेक्षा कमी. चष्मा नाकावरून घसरायचा आणि त्या तो बोटानं नाही, तर नाक मुरडून वर चढवायच्या. त्यामुळे नवीन मुलांना पहिले काही दिवस वाटायचं की बाई आपल्याला नाक मुरडतायत. पुढे त्यांच्या लक्षात यायचं की अर्ध्या वेळा तरी ते खरंच असतं.

सकाळी परिपाठाला बातम्या वाचायची जबाबदारी बाईंकडे होती. म्हणजे वाचायचे आम्ही, आळीपाळीनं; बाई बाजूला उभ्या राहून ऐकायच्या. वर्तमानपत्र एक दिवस आधीचं असायचं, कारण आमच्याकडे ताजं वर्तमानपत्र पोचेपर्यंत परिपाठ संपून गणिताचा तास सुरू झालेला असे. पण बाईंचं म्हणणं, बातमी शिळी झाली की तिची वाफ जाते, मग तिच्यात मीठ किती आहे ते नीट कळतं.

मी आठवीत असताना बातम्या वाचायची माझी पहिली पाळी आली. मी मोठ्या तयारीनं वाचलं, "सीमेवर भीषण चकमक. शूर जवानांनी दिलं सडेतोड उत्तर."

"थांब," बाई म्हणाल्या. "भीषण म्हणजे कशी?"

"खूप मोठी, बाई."

"खूप मोठी म्हणजे किती? किती माणसं होती? कुणाला लागलं?"

मी बातमीत शोधलं. सगळी बातमी वाचली तरी ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

"बघ," बाई शाळेला उद्देशून म्हणाल्या, "बातमी लिहिणाऱ्याला माहीत नाही काय झालं. म्हणून त्यानं भीषण लिहिलंय. माहिती नसली की माणूस विशेषण घालतो. बस खाली. छान वाचलंस."

हे 'छान'सुद्धा विशेषणच होतं, किंवा क्रियाविशेषण असेल, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. बाईंना दाखवून द्यायची मात्र छाती झाली नाही.

दुसऱ्यांच्या विशेषणांवर एवढी करडी नजर ठेवणाऱ्या बाई स्वतः बोलायच्या तेव्हा त्यांचं काय होतं, हा आमचा मधल्या सुट्टीतला आवडता विषय. बाईंच्या तोंडी आंबा 'अप्रतिम' असायचा, हेडसरांचं अक्षर 'भयाण' असायचं, आणि आमचे निबंध तर 'दारुण' हा एकच शब्द घेऊन परत यायचे. आमच्या वर्गातल्या साहिलनं एकदा विचारलंच, "बाई, दारुण म्हणजे किती?" बाईंनी नाक मुरडून चष्मा वर घेतला आणि म्हणाल्या, "पस्तीसपेक्षा कमी."

वर्गात बाईंचं बोलणं पुस्तकासारखं असायचं. 'आहे'चं कधी 'हाय' झालं नाही. पण त्या मूळच्या संगमेश्वराकडच्या आतल्या गावच्या, आणि राग आला की पुस्तक मिटायचं. "न्हाय म्हंजे न्हाय!" असं ऐकू आलं की शेजारच्या वर्गातले सरसुद्धा गप्प व्हायचे. आम्ही बाईंचा राग मोजायचो तो आवाजाच्या उंचीवरून नाही, तर बाई संगमेश्वरच्या किती जवळ पोचल्या यावरून.

नववीच्या पुस्तकात एक युद्धाची कविता होती. पहाटेची वेळ, नदीला पूर, पलीकडे शत्रूचा गड. सेनापती घोडा पाण्यात घालतो, मागोमाग सैन्य, आणि गडाच्या दरवाज्यात तो पडतो तेव्हा झेंडा वर चढलेला असतो. वाचताना बाकावर हात आपोआप ताल धरायचे. ही कविता पुस्तकात फार जुनी. आमच्या आधीच्या कितीतरी मुलांनी याच बाकांवर ती बडवलेली.

बाईंनी ती एकदा वाचली, पुस्तक पालथं घातलं आणि विचारलं, "त्या दिवशी सकाळी घोड्याला चंदी कुणी घातली?"

कुणीतरी पुस्तक पुन्हा उघडायला लागलं.

"घोडा उपाशीपोटी पुरात शिरेल का? आणि एवढं सैन्य? पहाटे निघालं म्हणजे त्याच्या आधी कुणीतरी उठून चूल पेटवली असणार. कोण होतं ते? कवितेत शोधा."

आम्ही शोधलं. कवितेत चूल नव्हती.

"सेनापतीची आई?" कुणीतरी म्हणालं.

"आयांना युद्धावर नेत नाहीत."

"मग बाई, भंडारी असणार," माझ्या शेजारून आवाज आला. नसीमा माझ्या बाकावर बसायची. उंच, शांत, स्वतःहून हात वर न करणारी. "जहाजावर जेवण करणाऱ्याला भंडारी म्हणतात. माझे अब्बा भंडारी आहेत. सगळ्यांच्या आधी उठतात."

बाई इतक्या खूश झाल्या की नसीमाला फळ्याशी बोलावून त्यांनी तिला तो शब्द मोठ्या अक्षरात लिहायला लावला. एवढी वर्षं हा प्रश्न विचारतेय, म्हणाल्या, आज पहिल्यांदा कुणीतरी माणूस दाखवला. त्या दिवसापासून आमच्या वर्गात कुठल्याही धड्यात लढाई आली की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "भंडारी कुठाय?" इतिहासाच्या सरांना ते फार दिवस कळलंच नाही.

पण परीक्षेत चंदीचा प्रश्न येत नाही, हे बाईंना माहीत होतं. म्हणून त्या रसग्रहणाची दोन उत्तरं सांगायच्या. "हे बोर्डासाठी, आत्तापासूनच सवय हवी," असं म्हणून वीररस, ओजस्वी शब्दकळा, राष्ट्रप्रेमाची ज्योत असं सगळं भराभर लिहून द्यायच्या, भाजीवाल्याला यादी सांगावी तसं. आणि मग पेन खाली ठेवायला लावून म्हणायच्या, "आता आपल्यासाठी बोलू." बोर्डाच्या उत्तरात विशेषणं खच्चून भरलेली असायची. त्याबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "बोर्डाला पाहुण्यासारखं वागवायचं. त्याला गोड लागतं ना, मग वाढा."

बाईंचं युद्धाच्या कवितांशी वाकडं का, याचा शोध आम्ही मुलींनी आमच्या परीनं लावला होता. बाईंचं एका फौजीशी लग्न ठरलं होतं, तो सीमेवर गेला आणि आलाच नाही, अशी गोष्ट आमच्यात पक्की झाली होती. कुणी रचली आठवत नाही, पण प्रत्येकीनं तिच्यात थोडी भर घातली होती. माझी भर म्हणजे वाळलेला गजरा. ही गोष्ट बाईंच्या कानावर गेली. त्या वर्गात आल्या आणि खुर्चीत बसून इतक्या हसल्या की चष्मा खरंच पडला. "अगो, तो फौजी नव्हता, बसचा कंडक्टर होता. आणि आलाच नाही म्हणजे काय? आलाय. दर गणपतीला येतो, होळीला येतो. मुंबईला असतो म्हणून तुम्हाला दिसत नाही. माझा नवराच आहे तो!" मग चष्मा उचलून म्हणाल्या, "गजरा कुणी घातला त्यात? बरा होता."

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात हेडसरांना ती कविता बसवून हवी होती. ढोल, पुठ्ठ्याच्या तलवारी, झेंडा, प्रमुख पाहुणे. काम बाईंकडे आलं. बाईंनी कविता बसवली, पण दर दोन कडव्यांनंतर एक मुलगी पुढे येऊन प्रश्न विचारणार, असं त्यात घातलं. घोड्याला दाणा कुणी दिला? सैनिकाचा सदरा कुणी शिवला? पडलेल्याच्या घरी निरोप कोण घेऊन गेलं? बाईंच्या मनात होतं की प्रश्नागणिक मंडप शांत होत जाईल.

तसं झालं नाही. घोडा म्हणजे चादरीत शिरलेली दोन मुलं होती. पहिला प्रश्न आला, "घोड्याला दाणा कुणी दिला?" आणि घोड्याच्या मागच्या भागानं आतून ओरडून सांगितलं, "अजून कुणी नाही!" सगळा मंडप खदखदून हसला. पुढचे सगळे प्रश्न हशातच वाहून गेले. निरोपाच्या प्रश्नालासुद्धा लोक हसले, कारण तोवर त्यांना हसायची सवय लागली होती. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात "विनोदी सादरीकरणाचं" खास कौतुक केलं. हेडसर समोर बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या. म्हणाल्या, "मी विनोदी केलं नव्हतं." एवढंच. घोड्याच्या मागच्या भागातला मुलगा आपण होऊन उभा राहिला, तर त्याला म्हणाल्या, "बस रे. तुझं उत्तर बरोबर होतं."

हे सगळं झालं तोपर्यंत युद्ध म्हणजे आमच्यासाठी पुस्तकात नाहीतर वर्तमानपत्रात असणारी गोष्ट होती. मग आखाताच्या बाजूला समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले.

सुरुवातीला ती परिपाठातली एक बातमी होती, तिसरी किंवा चौथी. पण आमच्या पंचक्रोशीत खाडीच्या त्या अंगाला घरटी एक माणूस बोटीवर. हळूहळू ती बातमी पहिली झाली. आणि एक दिवस नसीमा शाळेत आली नाही. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. इब्राहिमचाचांच्या, म्हणजे तिच्या अब्बांच्या जहाजावर काहीतरी येऊन पडलं होतं, आग लागली होती आणि जहाजाशी संपर्क होत नव्हता. कंपनीच्या माणसानं फोनवर एवढंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी नसीमा आली. घरात बसवत नाही, म्हणाली. आणि तिच्यामागोमाग आली एका वाहिनीची गाडी. हेडसरांनी नाही म्हणायच्या आत गाडीतून उतरलेल्या बातमीदारानं नसीमाला पटांगणात गाठलं होतं. आम्ही व्हरांड्यात गोळा झालो. तो कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलायला लागला, "कोकणातल्या या चिमुकलीचा काळीज पिळवटून टाकणारा आक्रोश—"

"ओ!" रहाटे बाई पायऱ्या उतरून गेल्या. आपल्या उंचीमुळे त्या त्याच्या खांद्याखालून थेट कॅमेऱ्यात घुसल्या. "आक्रोश कुठाय? ती उभी आहे. आणि चिमुकली कुणाला म्हणता? नववीत आहे ती. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे."

"मॅडम, आम्ही फक्त तिच्या भावना—"

"भावना तिच्या आहेत ना? मग तिच्याकडे राहू देत. तुम्ही माहिती आणलीय का? जहाज कुठे आहे, आग विझली का, माणसं कशी आहेत? नाही ना? मग काय घेऊन आलात हितं? विशेषणं?" आणि तिथून बाई पुढे पुढे संगमेश्वरकडे निघाल्या. शेवटचं "व्हा भायेर!" तर आम्हाला नकाशाच्या पलीकडचं वाटलं. गाडी गेली. बाईंनी नसीमाच्या पाठीवरचं दप्तर नुसतं सारखं केलं, ते आधीच सारखं होतं.

त्या दिवसापासून शाळा सुटली की बाई नसीमाच्या घरी जाऊ लागल्या. मीही जायची. एरवी अखंड बोलणाऱ्या बाई तिथे काय बोलतील याची मला काळजी होती. पडवीत शेजारपाजारच्या बाया बसलेल्या असायच्या, फोन मधोमध ठेवलेला, त्या फोनकडे न बघण्याचा सगळ्या प्रयत्न करत असायच्या. बाई त्यांच्यात बसून लसूण सोलायच्या. एकदा नसीमाच्या अम्मीचं पीठ भिजवून झालं आणि तिचे हात थांबले ते थांबलेच. बाई उठून चुलीपाशी गेल्या, "मी थापते."

तेव्हा आम्हाला कळलं की रहाटे बाईंना भाकरी थापता येत नाही. पहिली तुटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली, तिसरीचा आकार आपल्या राज्याच्या नकाशासारखा झाला. सगळ्या सैन्याला कुणी जेवू घातलं, हे आयुष्यभर विचारत आलेल्या बाईंना घरी त्यांच्या सासूबाई जेवू घालत होत्या! अम्मी बघत राहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "बाई, सरका तुम्ही," ती म्हणाली, "पीठ फुकट जातंय." आणि स्वतः थापायला बसली. त्या दिवशी परत येताना बाई मला म्हणाल्या, "हे शाळेत सांगू नकोस." मी सांगितलं नाही. साहिलला सांगितलं फक्त, म्हणजे शाळेला सांगितल्यासारखंच.

त्याच आठवड्यात परिपाठाला बातम्या वाचायची पाळी नसीमाची होती. बाईंनी दुसऱ्या मुलीला उभं केलं. नसीमा रांगेतून पुढे आली. "माझी पाळी आहे, बाई. मी वाचते."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या.

वर्तमानपत्रात ती बातमी मोठी होती, मथळा लाल. नसीमानं ती पाहून पाहून वाचली, आणि वाचता वाचता गाळत गेली. उरलं ते एवढंच होतं, "जहाजावर आग लागली. आग विझली की नाही ते कळलेलं नाही. जहाजावरच्या माणसांशी बोलणं झालेलं नाही. मदतीची बोट निघाली आहे." मग तिनं कागदाची घडी केली आणि रांगेत परत गेली.

मी तोवर युद्धाबद्दल बरंच ऐकलं होतं, निबंधही लिहिला होता, बक्षीस मिळवलं होतं. पण युद्ध म्हणजे काय ते मला त्या चार वाक्यांत कळलं. पटांगणात कुणी हलत नव्हतं. बाई पाठ करून उभ्या होत्या आणि झेंड्याच्या खांबाकडे बघत होत्या, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

खबर आली ती शाळेच्या वेळेतच. हेडसर स्वतः धावत परिपाठाला आले. त्यांना धावताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. नसीमाच्या मामांचा फोन आला होता. हेडसरांनी तो निरोप कागदावर उतरवून घेतला होता आणि धाप लागल्यामुळे त्यांना वाचता येईना. त्यांनी कागद समोर उभ्या असलेल्या आठवीतल्या छोट्या मुलीच्या हातात दिला. तिनं खड्या आवाजात वाचलं, "जहाजावरची सर्व माणसं सुखरूप आहेत." आणि मग काय झालं कुणास ठाऊक, तिला एकदम भीती वाटली. ती बाईंकडे वळली. "बाई, सुखरूप हे विशेषण आहे."

बाईंनी पदरानं चष्मा पुसला, तो काढायचं विसरून, डोळ्यांवर असतानाच.

"विधिविशेषण आहे ते," त्या म्हणाल्या. "नामाच्या मागून येतं, माहिती सांगतं. चालतं."

मग मात्र सगळी शाळा ओरडायला लागली. मी नसीमाचा हात धरला होता. हेडसर टाळ्या वाजवत होते.

इब्राहिमचाचा घरी आले ते बऱ्याच आठवड्यांनी. डाव्या हाताला अजून पट्टी होती. बाईंनी त्यांना वर्गात बोलावलं. बाईंचा उत्साह दांडगा होता. इतकी वर्षं कवितेत न सापडलेला माणूस त्या दिवशी खुर्चीवर येऊन बसणार होता. त्यांनी आम्हाला आधीच्या तासाला प्रश्न तयार करायला लावले होते आणि अर्थातच त्यातला प्रत्येक प्रश्न तपासून विशेषणमुक्त केला होता.

चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. साहिलनं विचारलं, "हल्ला झाला तेव्हा तुम्ही काय बघितलं?"

"काय नाय बघितलं. मी खाली होतो, स्वयंपाकघरात. एक आवाज झाला आणि डाळीचं पातेलं आडवं. सगळी डाळ जमिनीवर. मी पहिला विचार काय केला माहितेय? आता परत फोडणी द्यायला लागणार."

वर्ग हसला. बाईंनी आमच्याकडे विजयानं पाहिलं. बघा, सांगत नव्हते का मी!

"मग दिवे गेले. वरून हुकूम आला, सगळ्यांनी एका खोलीत जायचं. लोखंडी दार लावून घेतलं. बाहेर आग. आत काळोख. कोण रडत होतं, कोण दुआ मागत होतं. मग आमचा एक फिलिपिनो पोरगा गाणं म्हणायला लागला. त्याचं झाल्यावर दुसरा. सगळ्यांनी काय ना काय म्हटलं. माझ्यावर आलं. माझी दुआ मागून झालेली. आणि गाण्यात मी ढ. मग म्हटलं आपल्याला पाठ काय आहे?" चाचा थोडे लाजले. "ह्याच शाळेत शिकलो ना मी. ती पुराची कविता. तीच म्हटली."

"कुठली?" बाई म्हणाल्या, जणू दुसरी एखादी असेल.

चाचा उभे राहिले. आधी हळू म्हणायला लागले. मग पूर आला, घोडा पाण्यात गेला, आणि चाचांचा आवाज चढला. पट्टी बांधलेला हात वर गेला. एकही शब्द चुकला नाही. दुसऱ्या कडव्याला साहिलनं बाकावर ताल धरला, तिसऱ्याला सगळ्या वर्गानं. नसीमा, जी कधी स्वतःहून हात वर करायची नाही, ती उभी राहून अब्बांबरोबर म्हणत होती. खिडक्यांतून बाकीचे वर्ग डोकावू लागले. आणि मी सहज टेबलाकडे पाहिलं, तर रहाटे बाई डस्टर घेऊन टेबलावर ठेका धरत होत्या. खडूचा धुरळा उडत होता. सेनापती दरवाज्यात पडला तेव्हा बाईंचा डस्टर सगळ्यांत जोरात आपटला.

शांत झाल्यावर बाई म्हणाल्या, "पण इब्राहिमभाई, त्या कवितेत स्वयंपाकी कुठेच नाही हो." त्यांच्या आवाजात तक्रार होती, थोडी विनवणीही.

"नसेना, बाई," चाचा म्हणाले. "स्वयंपाक तर मी रोजच करतो. त्या काळोखात मला सेनापतीच व्हायचं होतं."

बाईंनी नाक मुरडून चष्मा वर घेतला. या वेळी ते नुसतं चष्म्यासाठी होतं.

पुढच्या वर्षी नववीत आलेल्या मुलांना बाईंनी ती कविता शिकवली तेव्हा आम्ही दहावीत होतो, शेजारच्याच वर्गात. भिंत पातळ. आम्हाला ऐकू आलं, बाई म्हणत होत्या, "पुस्तकं मिटा. उभे राहा. आधी मोठ्यानं म्हणायची. बाक मोडला तरी चालेल." सगळी कविता दणाणून झाली. आणि मग तो किनरा आवाज, "हं. आता बसा. आणि मला सांगा, घोड्याला चंदी कुणी घातली?"

आमच्या सरांनी शिकवणं थांबवलं होतं. तेही कान देऊन ऐकत होते.

आमची दहावी झाली आणि बाईही निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी हेडसरांनी बाईंबद्दल लिहून आणलेलं भाषण वाचलं, कर्तव्यदक्ष, विद्यार्थीप्रिय, तळमळीच्या, असं बरंच काही. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. मला वाटलं होतं, आता थांबवतील, आता थांबवतील. त्यांनी सगळी विशेषणं शेवटपर्यंत ऐकून घेतली. एकही काढायला लावलं नाही.

त्यानंतर त्यांची माझी भेट नाही. नसीमा पुण्याला नर्सिंग करते. तिच्या घरी बाईंचा अधूनमधून फोन येतो आणि त्यात भाकरीचा विषय निघतो, असं ती सांगते. मला त्या दिसल्या त्या गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. घरचे सगळे वेळणेश्वरला गेलो होतो. देवदर्शन झालं, आई नारळाच्या झाडाखाली टेकली आणि मी किनाऱ्यावर आले. ऊन उतरत होतं. पाण्यात दोन माणसं होती. एक उंच, किडकिडीत गृहस्थ, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि त्याचा दंड घट्ट धरून उभी एक ठेंगणी बाई, साडी नाही, चक्क पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला आवळलेली. लाट आली की ती किंचाळायची आणि लाट गेली की आणखी एक पाऊल पुढे टाकायची. गृहस्थ मागे ओढत होता. तोच तो कंडक्टर असणार, आता कायमचा घरी आलेला.

मी हाक मारली. लाटांच्या आवाजात त्यांना ती ऐकू गेली नाही. मी पुन्हा मारणार होते, तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि दोघांच्या डोक्यांवरून गेली. क्षणभर कुणीच दिसेना. मग बाई आधी वर आल्या, केस तोंडावर चिकटलेले, तोंडात पाणी, आणि त्यांनी नवऱ्याला काखेत हात घालून उभं केलं. तो खोकत होता. बाई मान मागे टाकून हसत होत्या.

"चला," त्यांचा आवाज मला वाळूवर स्पष्ट ऐकू आला. "अजून एक येत्येय!"